माझा साडू भोंगा

भोंगा माझा मित्र आधी झाला, साडू नंतर. त्याचं खरं नाव फक्त पगाराच्या दिवशी ऐकू यायचं, एरवी सगळ्यांसाठी तो भोंगाच. घशाच्या कॅन्सरने गेला. लोक म्हणतात, काळ गेला की दुःख निवतं. निवलं असेलही थोडं. भीती मात्र अजून तशीच आहे. कुणी नुसतं खाकरलं तरी मी हातातलं टाकून त्याच्याकडे बघतो.

आम्ही दोघं लिफ्टचे मेकॅनिक. एकाच कंपनीत, एकाच जोडीत, केस काळे होते तेव्हापासून. हे काम एकट्याचं नसतं. एक जण इमारतीच्या माथ्यावर, मोटारीच्या खोलीत. दुसरा लिफ्टच्या टपावर उभा, हातात पाना, कपाळावर दिवा. मधे विहिरीसारखा अंधारा बोगदा, ग्रीसचा वास आणि तेलकट लोखंडी दोर. वरच्याला खालचा दिसत नाही. खालच्याने ‘घे’ म्हटलं की लिफ्ट हलवायची, ‘थांब’ म्हटलं की थांबवायची. बोलायला कंपनीने वॉकीटॉकी दिले होते, पण ते बहुतेक वेळा चार्जिंगलाच लावलेले असत. भोंग्याला त्यांची गरज नव्हती. त्याने खालून ‘थांब’ म्हटलं की मी तर थांबायचोच, पण समोरच्या इमारतीतला रंगारीसुद्धा ब्रश भिंतीला लावायचा थांबायचा.

माझं लग्न आधी झालं. सासरी पंखा बसवायचा होता म्हणून मी त्याला सोबत घेऊन गेलो. पंखा तासाभरात बसला, भोंगा मात्र संध्याकाळपर्यंत बसला. कारण माझी मेव्हणी, घरात जिला सगळे धाकटी म्हणतात, चहा घेऊन दोनदा बाहेर आली होती. मग त्या पंख्यात दर आठवड्याला काही ना काही बिघाड होऊ लागला, आणि हा मला न सांगता परस्पर जाऊ लागला. माझे सासरे कानाने अधू. घरातले सगळे पुटपुटतात अशी त्यांची कायमची तक्रार. त्यांनी जाहीर केलं, ‘‘या घरात पहिल्यांदा कोणीतरी नीट बोलतंय. मुलगा चांगला आहे.’’ झालं. त्यानंतर भोंगा मला ‘थोरले साडूसाहेब’ म्हणायला लागला, आणि जेवायला बसलो की मान माझा म्हणून सगळ्यात मोठं ताट माझ्यापुढे सरकवून त्यातलं निम्मं स्वतःच खायला लागला.

पण त्याचा आवाज नुसता मोठा नव्हता. लिफ्टमध्ये कोणी अडकलं की कंपनी आम्हाला पाठवायची. मी धावत जिना चढून मोटारीकडे जायचो. भोंगा आधी जिथे माणूस अडकलंय त्या दाराशी जायचा, फटीला तोंड लावायचा आणि म्हणायचा, ‘‘मी आलोय. आता तुम्ही एकटे नाही. सकाळी काय जेवलात?’’

एकदा एक शाळेतल्या बाई दोन मजल्यांच्या मधे अडकल्या. दिवा गेलेला, बाई दारावर मुठी आपटत होत्या, त्यांचा श्वास लागलेला बाहेर ऐकू येत होता. भोंग्याने विचारलं, ‘‘बाई, काय शिकवता? गणित? मग मला जरा एकोणीसचा पाढा तपासून द्या.’’ आणि याने मोठ्याने पाढा सुरू केला, तोही धडधडीत चुकीचा. आतून आवाज आला, ‘‘एकोणीस चोक शहात्तर!’’ हा पुढे गेला, पुन्हा चुकला. बाई पुन्हा ओरडल्या. दार उघडलं तेव्हा त्यांचे केस विस्कटलेले, पण डोळ्यांत पाणी नव्हतं, राग होता. बाहेर पाय टाकताच म्हणाल्या, ‘‘आधी पाढे पाठ करा!’’ आणि जिन्याने निघून गेल्या.

‘‘कोंडलेल्या माणसाला दार नंतर लागतं रे,’’ भोंगा मला म्हणाला, ‘‘आधी बाहेर कोणीतरी आहे एवढं कळावं लागतं.’’

मग त्याचा घसा बसला. हवा बदलली असेल, घशात धूळ गेली असेल, असं आम्ही धरून चाललो. मीठ-पाण्याच्या गुळण्या झाल्या, मध झाला, गोळ्या चघळून झाल्या. आवाज सकाळी फाटका यायचा, संध्याकाळी तेवढाही नाही. सगळ्यांत आधी अस्वस्थ झाले ते आमचे सासरे. एका रविवारी त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, ‘‘जावईबापू, हा हल्ली माझ्याशी हळू का बोलतो? रागावलाय का?’’ मी हसून वेळ मारून नेली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत आम्ही एका जुन्या ऑफिसच्या इमारतीत कामाला होतो. लिफ्ट अगदी वर पोचली की तिला आपोआप थांबवणारा एक स्विच असतो. तोच बदलायचा होता, म्हणून काढून ठेवला होता. म्हणजे लिफ्टला थांबवणारं आता एकच होतं, भोंग्याचं तोंड. वॉकीटॉकी नेहमीप्रमाणे चार्जिंगला. तो टपावर, मी मोटारीपाशी. खालून फाटक्या आवाजात ‘घे’ आलं. मी कळ दाबून धरली. चाक फिरू लागलं, दोर सरकू लागले. रोजचंच काम. आता ‘थांब’ येईल आणि आपण थांबू.

‘थांब’ आलं नाही.

कुठला मजला आला ते कळावं म्हणून दोरांवर रंगाच्या खुणा केलेल्या असतात. त्यातली शेवटची खूण चाकाकडे येताना दिसली. त्याच क्षणी खालून लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज आला, ठण, ठण, ठण. मी कळ सोडली.

मोटार बंद झाली. ‘‘अरे, आहेस ना?’’ मी ओरडलो. ‘‘बोल की!’’ काही नाही. जमिनीतून दोर जिथे खाली उतरतात तिथे एक चौकोनी भोक असतं. त्यात बॅटरीचा उजेड टाकून मी पाहिलं. भोंगा टपावर उताणा पडला होता, पाना मुठीत आवळलेला, आणि बोगद्याच्या छताचा स्लॅब त्याच्या नाकापासून वीतभर अंतरावर. त्याचं तोंड उघडं होतं. गळ्याच्या शिरा ताठरल्या होत्या. तो ओरडत होता. अजूनही जिवाच्या आकांताने ‘थांब, थांब’ म्हणून ओरडत होता, आणि त्याच्या तोंडातून नुसती हवा येत होती.

हाताने चाक फिरवून मी लिफ्ट खाली घेतली. आम्ही जिन्यात बसलो. त्याने पाना अजून सोडला नव्हता.

‘‘चिरडलो असतो रे,’’ तो कुजबुजला. मग म्हणाला, ‘‘धाकटीला सांगू नकोस.’’

‘‘नाही सांगत. पण आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे चल. कपडे बदलायचे नाहीत, हात धुवायचे नाहीत. असाच.’’

घशाचे डॉक्टर बोलघेवडे होते. धूळ फार असते का, चहा किती घेता, असं विचारत त्यांनी भोंग्याच्या नाकातून दुर्बिणीची बारीक नळी आत सरकवली. आणि बोलता बोलता गप्प झाले. चालत्या मोटारीचा आवाज बदलला की मेकॅनिक उठून उभा राहतो, तसा मी उठून उभा राहिलो. नळी बाहेर काढून त्यांनी विचारलं, ‘‘सिगारेट किती ओढता?’’

भोंग्याने माझ्याकडे बोट दाखवलं. ‘‘हा ओढतो. मी नाही.’’

तो गमतीने म्हणाला होता. डॉक्टर हसले नाहीत. माझ्या शर्टाच्या खिशात पाकीट होतं, त्यावर मी नकळत हात ठेवला. ओढतो मी, आणि नळी याच्या नाकात. देवाकडे एवढा ढिसाळ कारभार कसा चालतो, हे मला तेव्हाही कळलं नाही, आताही कळत नाही.

आत गाठ होती. तिचा तुकडा तपासायला गेला. रिपोर्ट येईपर्यंत आम्ही कामावर जात होतो, नट पिळत होतो, तेल घालत होतो, आणि त्या विषयावर चकार शब्द काढत नव्हतो. घरी बायको बोलायला लागली की मी तिचं तोंड बघत बसायचो. जीभ हलते, आवाज येतो, किती सहज होतं हे सगळं. मग स्नानघरात जाऊन मी स्वतःचा घसा चाचपायचो.

रिपोर्ट वाईट आला. कॅन्सर पसरायला लागला होता. स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल, डॉक्टरांनी सांगितलं. श्वास गळ्यातल्या भोकातून. ‘‘जगण्याची चांगली शक्यता आहे,’’ ते म्हणाले, ‘‘पण तुमचा आवाज राहणार नाही.’’

भोंगा उठला आणि बाहेर निघून गेला. घरी येऊन त्याने जाहीर केलं की ऑपरेशन करायचं नाही. धाकटीने समजावलं, रडली, अबोला धरला. नोकरीसाठी दुसऱ्या गावी राहणारी त्यांची मुलगी धावत आली. त्याचं एकच, नाही म्हणजे नाही. धाकटी स्वयंपाकघरात मला म्हणाली, ‘‘भावोजी, तुम्ही सांगा यांना. हे तुमचं ऐकतात.’’ तो माझं कधीच ऐकत नव्हता, पण हे तिला कोण सांगणार?

एका दुपारी आम्ही नव्या इमारतीत होतो. लोक राहायला यायचे होते, खोल्या रिकाम्या, दारांना अजून प्लास्टिक. जेवणाच्या सुट्टीत भोंगा दिसेना. शोधत खाली गेलो, तर हा लिफ्टच्या तळाच्या खड्ड्यात उभा, तोंड वर करून. हाका मारत होता. कुणाला नाही, नुसत्याच. आवाज घोगरा, चिरका, पण त्या बोगद्यात अजून थोडा घुमत होता. मी खड्ड्याच्या काठावर बसलो.

‘‘मला कशाची भीती वाटते, सांगू?’’ तो माझ्याकडे न बघता म्हणाला. ‘‘मरणाची वाटतेच. ती कुणाला नसते? पण समज, मी घुसमटलो आणि हाकच मारता आली नाही, तर? सगळे शेजारच्या खोलीत असतील, हसत-बोलत. आणि मी भिंतीच्या अलीकडे...’’ त्याने वर, बोगद्याकडे बोट केलं. ‘‘त्या दिवशी टपावर मी ओरडत होतो रे. तुला ऐकू आलं नाही.’’

 काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, ‘‘पाना ऐकू आला ना.’’

त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, ‘‘दवाखान्यात पाना नेऊ देतात?’’

मी हसलो, तोही हसला, आणि हसता हसता आमचे दोघांचेही डोळे भरून आले. त्याच आठवड्यात त्याने ऑपरेशनला होकार दिला.

ऑपरेशनच्या सकाळी सगळे जमलो. भोंगा हिरव्या कपड्यांत ट्रॉलीवर. काठी टेकत सासरेही आले होते. भोंग्याने त्यांना खुणेने जवळ बोलावलं, त्यांच्या कानाला तोंड लावलं आणि उरलासुरला सगळा आवाज गोळा करून काहीतरी म्हणाला. मला शेजारी उभं राहूनसुद्धा ते ऐकू आलं नाही. सासऱ्यांनी त्याच्या गालावर थोपटलं. ‘‘ऐकलं रे बाबा, ऐकलं. एवढ्या मोठ्याने नको, दवाखाना आहे हा.’’

दवाखान्याच्या लिफ्टचा तळ मजल्याच्या पातळीला लागत नव्हता. ट्रॉलीचं चाक उंबऱ्यावर आपटलं. झोपल्या झोपल्या भोंग्याने मला हाताने खूण केली, ब्रेक घासलाय. दार बंद झालं. तेव्हा सासऱ्यांनी माझी बाही ओढली आणि हळूच विचारलं, ‘‘काय म्हणाला तो?’’

ऑपरेशन नीट झालं. तो जगला, कामावर यायचा बंद झाला. गळ्यात नळी, तिच्यात आणखी एक बारीक नळी, जी काढून साफ करावी लागे. नर्सने ते धाकटीला शिकवलं, मलाही शिकवलं. पाना त्याने खरंच नेला होता. पहिल्याच सकाळी पलंगाच्या दांडीवर असा काही आपटला की सगळा वॉर्ड उठून बसला. नर्सने तो काढून घेतला आणि त्याला बेलचं बटण दिलं. बटणावर त्याचा विश्वास नव्हता. बटणं किती वेळा बिघडतात ते आम्हाला माहीत होतं.

घरी आल्यावर तो मला रोज सकाळी फोन करायचा. फोन उचलला की पलीकडून शब्द नाही, नुसता वारा, आत-बाहेर, मधेच बारीक शिटी. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या हातून फोन पडणार होता. मग आम्ही ठरवलं. फोनवर दोनदा टकटक म्हणजे ठीक आहे. एकदाच म्हणजे ये. मग मीच एकटा बोलायचो. नवा जोडीदार कसा गोगलगाय आहे, कुठल्या इमारतीत कोण अडकलं, साहेब काय बरळले. तो टकटक करून फोन ठेवायचा. दिवसभर माझा कान त्या फोनकडेच. कुणाचाही आला तरी पहिल्या रिंगलाच उचलायचो.

आणि एक दिवस एकच टकटक आली. मागे श्वासाचा वारा नव्हता, काहीतरी घरघरत होतं. मी दोन गल्ल्या पलीकडे कामावर होतो. हातातलं टाकून पळत सुटलो. त्यांच्या घराची एक किल्ली माझ्याकडे असायची. ती दोनदा उलटी घातली, मग कुलूप उघडलं. धाकटी बाजारात गेली होती. भोंगा स्वयंपाकघरात ओट्याला टेकून जमिनीवर बसला होता, ओठ निळे पडलेले, डोळे बाहेर आलेले, हाताने गळा धरलेला. नळीत कफ घट्ट अडकला होता.

नर्सने सांगितलेलं सगळं डोक्यातून पुसलं गेलं. आयुष्यभर मोटारी खोलल्या, पण ती बोटभर नळी मला धरता येईना. चिमटीतून निसटत होती. ‘‘मी आलोय,’’ मी म्हणत होतो, ‘‘आलोय मी, थांब, आलोय,’’ आणि मला स्वतःचाच आवाज परक्या माणसासारखा वाटत होता. शेवटी नळी फिरली, निघाली, तिच्यासोबत कफाचा गोळा आला, आणि भोकातून शिटी वाजवत श्वास आत गेला. मग दुसरा. मग तिसरा. मी तिथेच फरशीवर बसून राहिलो.

थोड्या वेळाने त्याच्या चेहऱ्यावर रंग आला. त्याने माझ्या हातांकडे बोट दाखवलं. ते कोपरापर्यंत ग्रीसने काळे होते. त्याने कपाळावर हात मारला आणि खांदे हलवत, आवाज न करता हसायला लागला. धाकटी पिशव्या घेऊन आली तेव्हा आम्ही दोघं फरशीवर बसून होतो, तो हसत आणि मी रडत. तिने पिशव्या तिथेच टाकल्या.

त्यानंतर जवळपास एक वर्ष बरं गेलं. आम्हाला वाटायला लागलं की सुटलो. मग कोरडा खोकला सुरू झाला, आणि तपासणीत छातीत ठिपके दिसले. या वेळी डॉक्टर बोलघेवडे राहिले नव्हते. भोंग्याने मला ओठांनी विचारलं, ‘‘किती?’’ मी म्हटलं, ‘‘मला काय माहीत, मी काय डॉक्टर आहे?’’ मला माहीत होतं. त्यालाही होतं.

शेवटच्या दिवसांत तो दवाखान्यात होता. शांतपणे गेला, असं धाकटी पाहुण्यांना सांगते, आणि मी तिला अडवत नाही. पण तो शांतपणे गेला नाही. तो घाबरला होता. दुपारची वेळ होती, खिडकीतून ऊन पलंगावर आलं होतं. त्याची नजर खोलीभर फिरत होती, छतावर, दारावर, आमच्यावर, पुन्हा दारावर. धाकटी त्याच्या कानाशी काहीतरी बोलत होती. मुलगी पाय चोळत होती. मी हात धरला होता. मला पळून जावंसं वाटत होतं, खरंच सांगतो. जिना उतरून, रस्त्यावर, कुठेही. मग त्याच्या बोटाने माझ्या तळव्यावर टकटक केली. एकदाच.

‘‘आलोय,’’ मी म्हटलं. ‘‘इथेच आहे. सकाळी काय जेवलास?’’

धाकटीने चमकून माझ्याकडे पाहिलं. त्याने मात्र नजर माझ्यावर आणून ठेवली आणि मग हलवली नाही. मी बोलत राहिलो. साहेबाबद्दल, गोगलगायीबद्दल, त्या जुन्या पंख्याबद्दल. एकोणीसचा पाढासुद्धा म्हटला, मला धड येत नाही तरी. किती वेळ बोललो ठाऊक नाही. नर्सने खांद्यावर हात ठेवला तेव्हा थांबलो.

सिगारेट मी सोडली. त्यात माझा शहाणपणा काही नाही, भीतीच्या मारे पेटवताच येईना. त्याच डॉक्टरांकडे जाऊन माझ्या नाकातूनही नळी घालून घेतली. आत काही नव्हतं. सुटल्यासारखं वाटेल अशी अपेक्षा होती. तसं वाटलं नाही. 

धाकटी तिच्याच घरी राहते. मुलीने बदली करून घेतली, आता दोघी एकत्र असतात. परवा सकाळी धाकटीचा फोन आला. ‘‘भावोजी, हिचा घसा बसलाय.’’ बस, एवढंच. मी कामावर निरोप ठेवला, बायकोला घेतलं, तिथून त्या दोघींना घेतलं. सासरे ऐकेनात, त्यांनाही घेतलं.  वाटेत मुलगी म्हणाली, ‘‘काका, अहो, मला नुसती सर्दी झालीय,’’ आणि तो घोगरा आवाज ऐकून धाकटीने डोळे मिटून घेतले.

आम्ही पाचही जण एकदमच आत शिरलो. तरुण डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून सगळ्यांकडे पाहिलं. ‘‘यातलं पेशंट कोण?’’

मुलीने हात वर केला. बाईंनी घसा पाहिला, नळी घालून आतही पाहिलं. पूर्ण वेळ आम्ही चौघं भिंतीला टेकून उभे, सासऱ्यांची काठी माझ्या पायावर, आणि ती उचला म्हणायचं मला सुचलं नाही.

‘‘काही नाही, साधी सर्दी आहे,’’ बाई म्हणाल्या. ‘‘दोन-चार दिवसांत बरं वाटेल.’’

‘‘परत एकदा नीट बघता का?’’ धाकटी म्हणाली.

बाईंनी आमच्या तोंडांकडे पाहिलं.  हातमोजे पुन्हा चढवले आणि परत पाहिलं.